मुधोळचं पिल्लू येळ्ळूरला आणताना

घरात कुत्रं आणायचं ठरलं की पहिला वाद जातीवरून होतो. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या घरीही तो झाला. धाकट्या भावाला रॉटवायलर हवा होता, कारण कॅम्पात त्याच्या ओळखीच्या एकाकडे होता आणि त्या फाटकाजवळ म्हणे कुणी फिरकत नसे. पोरांना लॅब्राडोर पाहिजे होता. आई एवढंच म्हणाली, "कुठलंबी आणा, खरं माझ्या कोंबड्या आणि मांजर जपलं पायजे." माझ्या मनात लहानपणापासून मुधोळ होतं, म्हणजे मुधोळ गावाकडचं शिकारी कुत्रं. राजहंसगडाच्या पायथ्याला आमचं भाताचं शिवार आहे, मोकळी जागा आहे, आणि ही जात आपल्याच भागातली. बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जी जात घडली ती सोडून लोक सायबेरियातला हस्की पत्र्याच्या शेडमध्ये बांधून ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बेळगावातल्या एका पशुवैद्यांकडे आमच्या म्हशींसाठी जाणं-येणं होतं. त्यांना विचारलं, कुठली जात चांगली? उत्तर द्यायच्या आधी त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. कुंपण आहे का आणि किती उंच? दिवसभर घरी कोण असतं? पावसाळ्यात कुत्र्याला कोरडी जागा कुठली? रोज पहाटे कोण उठणार, तुम्ही की पोरं? सगळं ऐकून ते म्हणाले, "जात विचारताना ती कशासाठी घडवली ते आधी विचारा. बाकीची उत्तरं त्यातूनच मिळतात."

नंतर कुठल्याही जातीची माहिती वाचताना मी हेच धरून वाचत गेलो. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे. पुढे ब्रिटनमध्ये शिकाऱ्यांनी त्यांना पाण्यात पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणायला तयार केलं. म्हणून त्याला पाणी आवडतं, सारखं काहीतरी तोंडात धरायला लागतं आणि अनोळखी माणसाशीही तो लगेच गट्टी करतो. राखणीला घेतलेला लॅब्राडोर चोरासमोर शेपूट हलवत उभा राहिला, तर त्यात त्याचा काय दोष? तो खादाड का असतो, यालाही कारण आहे. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे पाव लॅब्राडोरांच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना भुकेची ओढ जास्त असते. आपल्याकडे प्रेमापोटी त्याला चपाती, भात, बिस्किटं चालू असतात. चार-पाच वर्षांत ते कुत्रं पिंपासारखं होतं आणि मागचे पाय धरतात. जर्मन शेफर्डही खुब्याच्या सांध्याच्या त्रासासाठी ओळखला जातो, आणि त्याची पाठ मागे उतरती दिसावी म्हणून केलेल्या पैदाशीवर बरीच टीका झाली आहे. पगचं नाक इतकं आखूड केलं आहे की उन्हाळ्यात त्याला श्वास घेणंच जड जातं. कुत्रं धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरेनियन म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. हवामानाला काटक आणि भुंकण्यात पटाईत. बेळगावच्या खडेबाजारातल्या जुन्या घरांच्या राखणीला मला तोच सगळ्यात योग्य वाटतो.

रॉटवायलरचा विषय त्या दिवसांत कायद्यामुळेही पेटला होता. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालावी असं पत्रक काढलं, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. भाऊ म्हणाला, "बघ, मोकळीक झाली की." माझं म्हणणं असं, की कायदा काहीही असो, पन्नास किलोचं ताकदवान जनावर ज्या घरात आणायचं, तिथे त्याला पिल्लूपणापासून रोज वेळ देणारं माणूस लागतं. तसं माणूस आमच्याकडे नव्हतं. साखळीला बांधून फाटकाला शोभा म्हणून ठेवलेलं कुत्रं कुठल्याही जातीचं असलं तरी बिघडतं.

"चावतं काय?" हा प्रश्न मला अजून सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो. त्याला जातीवरून सरळ उत्तर देता येत नाही. अमेरिकेत 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे असतो, असं त्यात आढळलं. अंगकाठी, केस, रंग हे जातीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. पण अमुक एक कुत्रं रागीट होईल की शांत, हे त्याच्या आईच्या स्वभावावर, पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याने काय पाहिलं त्यावर आणि घरच्यांच्या हातावर फार अवलंबून असतं. पशुवैद्यांनी म्हणूनच बजावलं होतं, की पिल्लाचा फोटो बघून ठरवू नका, त्याची आई बघून ठरवा.

मग मुधोळला गेलो. गोकाक ओलांडलं की आपल्याकडचा भात आणि हिरवट गारवा मागे राहतो. काळं रान, ऊस, मका, ज्वारी आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. या सपाट, उघड्या रानात हे कुत्रं का घडलं ते तिथे उभं राहिलं की कळतं. आडोसा नाही, सावज लांबूनच दिसतं, आणि पळून गाठता आलं तरच हाती लागतं. वास काढत माग घेणारी कुत्री वेगळी. हे नजरेनं शिकार करणारं आहे. लांब निमुळतं तोंड, बाजूला बघू शकतील असे मोठे डोळे, खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमानदार पाठ. नर खांद्यापाशी साधारण सत्तर सेंटिमीटर भरतो, आणि एवढ्या उंचीला वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास.

मुधोळ हे पूर्वी घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं. रानातल्या बेडर या शिकारी जमातीच्या लोकांकडे असली शिकारी कुत्री होती. त्यांचे गुण राजे मालोजीराव घोरपड्यांनी हेरले, निवडून पैदास करवली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. तिथून या जातीला मुधोळ हाउंड हे नाव चिकटलं. महाराष्ट्रात हिला कारवानी म्हणतात, आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबच्या कागदांवर कॅरव्हान हाउंड लिहिलेलं असतं. कागद बघताना हे ठाऊक असलेलं बरं, नाहीतर माणूस घोळात पडतो. लातूर-नांदेडकडे लांब केसांचा पश्मी मिळतो, तो हिचा जवळचा भाऊबंद. 2005 साली टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. 2016 मध्ये इथली पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात चाचणीसाठी गेली, तेव्हापासून मागणी एकदम वाढली.

मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे. पिल्लू सरकारी केंद्रातूनच घ्यायचं असेल तर तिथे आधी नोंदणी करावी. मी तिथे कुत्री बघितली, उंची-बांधा डोळ्यांत साठवून घेतला आणि मग आसपासच्या खेड्यांत फिरलो. तिथली बरीच शेतकरी कुटुंबं ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. दारात गेलं की पहिला प्रश्न, "याव ऊर री?" म्हणजे गाव कुठलं? बेळगाव म्हटलं की माणसं मोकळी होतात, चहा येतो. माझं कन्नड व्यवहारापुरतं, पण कुत्र्यांविषयी बोलायला तेवढं पुरलं.

एके ठिकाणी पिल्लं छान गुबगुबीत होती, पण आई दाखवायला मालक काचकूच करत होता. मी तिथून निघालो. दुसऱ्या एका घरी पिल्लं पाच आठवड्यांची असताना "आजच न्या" म्हणाले. तेही नाकारलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकणं कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांत बसत नाही. त्याच्याही पलीकडचं म्हणजे भावंडांत खेळताना पिल्लाला चावा किती जोरात लागतो ते कळतं. फार लवकर तोडलेलं पिल्लू पुढे पोरांच्या हाताला दात लावतं आणि मग जातीला नाव पडतं.

शेवटी ज्या घरी पिल्लू ठरलं, तिथल्या आजोबांनी आईला मोकळी सोडली. अंगणात आम्ही अनोळखी चौघं बसलेलो. ती भुंकली नाही, जवळही आली नाही. लांब उभी राहून बघत राहिली आणि आजोबा आमच्याशी बोलायला लागल्यावर खाली बसली. मुधोळचा हा खरा स्वभाव. परक्याला अंगाला हात लावू देत नाही, लाडात येत नाही, पण विनाकारण अंगावरही जात नाही. मी आजोबांना विचारलं, असली आहे हे कशावरून ओळखायचं? कागद असले तर बघाच, म्हणाले, पण हात लावूनही बघा. कातडी पातळ आणि घट्ट हवी, केस आखूड आणि मऊ, शेपूट बुडाशी बारीक नसावी, डोकं दोन कानांच्या मधे फार रुंद नसावं. शर्यतीत वेग मिळावा म्हणून काहीजण ग्रेहाउंड या विलायती शर्यतीच्या कुत्र्याशी संकर करतात, ती पिल्लं अंगानं भरलेली दिसतात, असंही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. खायला काय घालता विचारलं, तर ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या कण्या, दूध, कधी अंडं. आठ आठवडे भरल्यावर गव्हाळ रंगाची एक मादी घेऊन आम्ही परतलो. पोरांनी नाव ठेवलं भिंगरी.

पहिल्या काही महिन्यांची लसीकरणाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण यात चुकारपणाला जागाच नाही. सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, चार महिने होईपर्यंत. तीन महिन्यांना रेबीज, नंतर बूस्टर आणि दरवर्षी. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी. लसी पुऱ्या होईपर्यंत गल्लीत जमिनीवर सोडायचं नाही, पण उचलून नेऊन सगळं दाखवायचं. भिंगरीला मी कडेवर घेऊन येळ्ळूरची गल्ली, बस, ट्रॅक्टर, शाळा सुटल्याचा गोंधळ, लग्नाचा बँडबाजा, सगळं दाखवलं. मुधोळ मुळात बुजरं असतं. या वयात जग बघितलं नाही तर पुढे माणूस दिसला की कोपरा धरतं, आणि घाबरलेलं कुत्रंच चावतं.

आईच्या कोंबड्यांचं काय झालं हे खूप जण विचारतात. नजरेनं शिकार करणाऱ्या जातीत पळणाऱ्या वस्तूमागे धावण्याची ओढ रक्तातच असते. ती पुसता येत नाही, तिला वळण लावावं लागतं. पिल्लू असल्यापासून मांजर आणि कोंबड्या तिच्यासमोर ठेवल्या, ती दोरीला असायची, शांत बसली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आता घरच्या कोंबड्यांकडे ती बघतही नाही. शेजारच्यांचं मांजर कुंपणावरून पळालं तर मात्र तिचे कान उभे राहतात. म्हणून ज्यांच्या घरी आधीच वयात आलेलं मुधोळ आहे आणि वर ससे-कबुतरं आणायची आहेत, त्यांना मी स्पष्ट नको म्हणतो.

शिवारात पळवायचं म्हणजे तिच्यासाठी जत्राच. लांब दोरीवर हाकेला परत यायची सवय लावली, मग भात कापून रान मोकळं झाल्यावर सोडायला लागलो. पण एकदा का ससा उठला की त्या क्षणी तिला हाक ऐकू येत नाही. त्यामुळे पहाटे ससे, मोर बाहेर असताना ती दोरीलाच असते. गावातली काही पोरं म्हणाली, "दादा, शिकारीला न्यायचं काय गा?" त्यांना मी बसवून सांगितलं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार गुन्हा आहे आणि या कुत्र्यांना पळायला मिळालं की पुरतं, मारायची गरज नसते. सकाळ-संध्याकाळ मनसोक्त पळून आली की ती दिवसभर ओसरीवर गपगार झोपते. एवढं वेगवान कुत्रं घरात इतकं शांत असेल असं आमच्याकडे कुणाला वाटलं नव्हतं.

"कुत्र्याला खायला घालत नाही काय?" हे तर पावण्यांचं ठरलेलं वाक्य. भिंगरीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. या जातीत ते निरोगीपणाचं लक्षण आहे. बरगड्या दिसू नयेत म्हणून खाऊ घालून तिला जाड केलं तर सांध्यांवर भार येतो. दोन वेळा खाणं, आणि खाल्ल्यावर लगेच पळवणं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. कांदा-लसणाची आमटी, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट घरात कुणीही तिला द्यायचं नाही हे पोरांना पाठ आहे.

पावसाळा हा आमच्यासमोरचा खरा प्रश्न होता. मुधोळचं रान कोरडं, आणि बेळगावला जून ते सप्टेंबर धार थांबत नाही. भिंगरीच्या अंगावर ना दाट केस, ना चरबी. भिजली की कुडकुडायची. ओसरीच्या आतल्या बाजूला लाकडी फळी टाकली, वर पोतं आणि जुनी गोधडी. आईने तिला जुन्या स्वेटरचा अंगरखा शिवला. कडक फरशीवर झोपून या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, तेही गोधडीमुळे टळलं. कातडी इतकी पातळ की उसाच्या पात्यानं आणि काटेरी तारेनंही फाटते, म्हणून शिवाराच्या त्या बाजूची तार काढून जाळी लावली. पावसाळ्यानंतर गोचिडं वाढतात. पायांची बोटं, कानाच्या आत, बगलेत रोज हात फिरवून बघायचं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर. गोचिडापासून होणाऱ्या तापात कुत्रं आधी फक्त मरगळतं, खाणं नंतर सुटतं. मरगळीच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं असं मी कळवळून सांगतो.

नसबंदीच्या वेळी मी सर्वांत जास्त माहिती गोळा केली, आणि मुधोळ पाळणाऱ्याने ती नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ग्रेहाउंड आणि त्याच्या वर्गातल्या, म्हणजे मुधोळसारख्या, कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते. भूल देण्याची थायोपेंटोनसारखी जुनी औषधं ग्रेहाउंडच्या यकृतात सावकाश मोडली जातात, त्यामुळे कुत्रं फार उशिरा शुद्धीवर येतं. शिवाय चरबी नसल्याने टेबलावर अंग भराभर गार पडतं. मी डॉक्टरांना आधीच विचारलं, भूल कुठल्या औषधाची देणार? त्यांना प्रश्नाचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. वजन त्याच सकाळी पुन्हा करून घेतलं, प्रोपोफॉलने झोपवून पुढे वायूची भूल दिली, अंगाखाली गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. आधीच्या रक्ततपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त दिसलं, तेही या वर्गात नेहमीचं असतं हे त्यांनी समजावलं. संध्याकाळी ती स्वतःच्या पायाने चालत गाडीत बसली. माझी बायको दवाखान्याच्या दारातच रडली.

नसबंदी का केली, पिल्लं का नाही काढली, असं विचारणारे खूप आहेत. गावोगाव मागणी आहे, पैसे मिळाले असते, हे खरं. पण चांगली पैदास करायची म्हणजे नराची निवड, जवळच्या नात्यातले संकर टाळणं, आजारांची नोंद आणि प्रत्येक पिल्लाला योग्य घर मिळेल ही जबाबदारी. ते काम मुधोळच्या माणसांनी आणि केंद्राने करावं.

आता आमच्याकडे कुत्र्याबद्दल विचारायला माणसं येतात. कान किंवा शेपूट कापून घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी हात जोडून नको म्हणतो. शहापूरच्या मेहुण्याला मुधोळच पाहिजे होतं. दोन खोल्यांचं घर, गच्ची सामाईक, दोघंही नोकरीला. त्याला मी भिंगरीसोबत पहाटे शिवारात नेलं. ती पळून परत आली तोवर तो काही बोलला नाही. घरी येताना म्हणाला, "दाजी, एवढी जागा मी कुठनं आणू?" त्यांच्याच गल्लीत एका गावठी कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं शेपटीला पांढरा ठिपका असलेलं त्याने घेतलं. पहिली लस झाली आहे, रेबीजची पुढच्या महिन्यात. त्याची बायको शाळेत जाताना ते शेजारच्या आजीकडे सोडते, आणि आजींनी त्याला आतापासूनच पायरीवर बसून वाट बघायला शिकवलं आहे.